परस्पर दुरुस्ती

माझे भाऊजी पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शहरात नेहमीसारखं पाणी आलं. हे त्यांना फार लागलं.

सगळा जन्म त्यांनी गळत्या शोधण्यात घालवला होता. रस्त्याला कान लावून खाली पाइप कुठे फुटलाय ते सांगणारा खात्यातला तो एकमेव माणूस. आपण गेल्यावर कुठेतरी काहीतरी फुटेल, नवी पोरं घाबरून फोन करतील, मग आपण थोडे आढेवेढे घेऊ आणि जाऊ, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. फोन ते उशाशी घेऊन झोपत. फोन आला तो एका विमा विकणाऱ्या मुलीचा. तिच्याशी ते बराच वेळ बोलले. शेवटी तिनेच कंटाळून ठेवला.

मग त्यांनी घराकडे मोर्चा वळवला. घरातले नळ त्यांनी इतके आवळले की भांडी घासायला बसण्याआधी माझ्या बहिणीला, म्हणजे ताईला, पक्कड शोधावी लागे. घर संपल्यावर शेजार सुरू झाला. जिन्यात भाऊजी दिसले की शेजारी लांबूनच सांगत, "आमच्याकडे सगळं ठीक आहे हो."

घरातल्या एकाच गोष्टीला त्यांनी हात लावला नाही. ती म्हणजे बाथरूमचं दार. ते वर्षातले काही महिने नीट लागत असे आणि काही महिने अजिबात लागत नसे. त्या दिवसांत आत असणाऱ्याने मधूनमधून खाकरत राहायचं असा घरचा नियम होता. पाहुण्यांना तो चहाबरोबरच सांगितला जाई. ताईने दाराचा विषय काढला की भाऊजी म्हणत, "ते सुताराचं खातं." जग खात्याखात्यांत विभागलेलं आहे आणि एका खात्याने दुसऱ्यात नाक खुपसू नये, यावर त्यांची श्रद्धा होती.

अशा माणसाने होडी का घ्यावी, हे मला अजून नीटसं कळलेलं नाही. कशी घेतली ते मात्र माहीत आहे, कारण मी तिथेच होतो. मलाही तेव्हा काही काम नव्हतं. मी पलीकडच्या गल्लीत राहतो, आणि ताईने मला सांगून ठेवलं होतं की यांना रोज घराबाहेर काढायचं, कुठे ते तू बघ.

खाडीच्या कडेला एक म्हातारा राहत असे. त्याला सगळे कप्तान म्हणत. तो कधीच कुठल्या जहाजाचा कप्तान नव्हता. एका लहान मासेमारी होडीवर एकटाच जायचा आणि परत आल्यावर जे बोलायचा त्यामुळे ही पदवी मिळाली होती. एकदा एका देवमाशाने त्याच्या होडीला धक्का दिला आणि मग वळून येऊन माफी मागितली, ही त्याची त्यातल्या त्यात संयमित गोष्ट. त्याच्या बोलण्यावर तिथला कोणीही विश्वास ठेवत नसे. ऐकत मात्र सगळे.

कप्तानच्या घरातली पाइपलाइन सडली होती. भाऊजींनी ती उत्साहाने उखडली आणि नवी घातली. मोबदल्याचा विषय निघाला तेव्हा कप्तानने खिडकीतून बोट दाखवलं आणि म्हणाला, "ती घ्या."

बाहेर धक्क्याच्या उतारावर, ठोकळ्यांवर त्याची होडी उभी होती. कित्येक वर्षं ती पाण्यात गेली नव्हती. फळ्या राखाडी पडल्या होत्या आणि दोन फळ्यांमधल्या फटींतून पलीकडचा रंगाऱ्याचा गाडा दिसत होता. पुढच्या टोकावर ताजी लाल फुली मारलेली होती.

भाऊजींनी होडीभोवती एक चक्कर मारली, एका फटीत बोट घातलं आणि ते पलीकडून बाहेर आलेलं पाहिलं. इतकी गळकी वस्तू त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिली नव्हती. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि समजलो की आता घरातल्या नळांची सुटका झाली.

लाल फुलीचा अर्थ आम्हाला धक्क्याच्या व्यवस्थापकाने समजावून सांगितला. हा तरुण गृहस्थ सतत पेपरमिंट चघळत असे आणि आपण जे करतो त्यात आपला काहीच हात नाही अशा थाटात बोलत असे. म्हणाला, जागा मोकळी करायचं ठरलेलं आहे. पुढच्या मोठ्या भरतीला पाणी या उतारावर अर्ध्यापर्यंत चढतं. त्या दिवशी ज्या होड्या पाण्यावर तरंगतील त्या राहतील. बाकीच्या, त्याने हाताने तोडण्याची खूण केली, बाकीच्यांचं लाकूड केलं जाईल. माझा काही आकस नाही, असं त्याने शेवटी जोडलं.

"तरंगेल," भाऊजी म्हणाले. आजवर त्यांनी पाण्याबद्दल दिलेला कुठलाही शब्द पाण्याने मोडला नव्हता.

कामाला लागण्याआधी त्यांनी होडी समजून घेतली. त्यांची पद्धत अशी, की वस्तू आपल्या खात्यात कुठे बसते ते आधी ठरवायचं. बराच विचार करून त्यांनी मला सांगितलं, "मेहुणे, नळात पाणी आत असतं आणि ते बाहेर येऊ द्यायचं नसतं. होडीत ते बाहेर असतं आणि आत येऊ द्यायचं नसतं. म्हणजे होडी हा उलटा घातलेला नळ आहे." मला यात खोट काढता आली नाही.

एक गोष्ट मात्र त्यांना पहिल्या दिवसापासून छळत होती. वरच्या फळ्यांमध्ये बोट जाईल एवढ्या फटी होत्या. पण अगदी तळाशी, जिथे पावसाचं पाणी साचून डबकं झालं होतं, तिथल्या फळ्या एकमेकींना अशा चिकटल्या होत्या की चाकूचं पातंही आत जाईना. एकाच होडीत हे दोन प्रकार कसे? भाऊजींच्या मते तळ बांधणारा सुतार वेगळा आणि चांगला होता. माझ्या मते तळ नंतर बदलला असावा. शेजारच्या होडीवर नाव रंगवत बसलेल्या रंगाऱ्याचं मत पडलं की वरच्या फळ्या नर आणि खालच्या मादी असतात. हे त्याला कोणी सांगितलं विचारलं तर म्हणाला, कप्तानने.

खुद्द कप्तानला विचारलं. तो पायरीवर बसून आमची मजा बघत होता. त्याने सांगितलं की ही होडी आहे मानी. हिला कोरडं ठेवलं की ही रागावते आणि तोंड उघडते. "पाण्यात बुडवून ठेवा. पूर्ण. काठापर्यंत. बुडली की तरंगेल."

आम्ही हसलो. त्यालाही बरं वाटलं. देवमाशाच्या गोष्टीनंतर ही त्याची दुसऱ्या क्रमांकाची थाप, असं आम्ही परत जाताना ठरवलं.

भाऊजींनी उलट्या नळाची चाचणी सुरू केली. रबरी पाइप आणून होडीत आतून पाणी सोडायचं, बाहेर कुठे कुठे झिरपतं ते बघायचं आणि त्या जागी खडूने गोल काढायचा. संध्याकाळपर्यंत होडीवर इतके गोल झाले की लांबून ती देवी आलेल्या माणसासारखी दिसू लागली. त्यातला सर्वांत मोठा एक गोल भाऊजींनी त्याच दिवशी बुजवला. सुतळी घेतली, ती सफेद्यात, म्हणजे नळजोडणीच्या पांढऱ्या लेपात, घोळवली आणि फटीत ठोकून बसवली. लोखंडी पाइपांचे आटे ते असेच बसवत आले होते. जन्मात एकही सुटला नव्हता. मग पाण्याची पातळी राहावी म्हणून रबरी पाइप बारीक धारेवर ठेवून आम्ही घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी होडीसमोर उभे राहिले ते राहिलेच. ज्यांना त्यांनी हातही लावला नव्हता असे बरेच गोल कोरडे होते.

खडूची खूण जागच्या जागी. खाली पाण्याचा ओघळ वाळलेला. आणि गळती बंद. भाऊजींनी एका गोलावर कान लावला, मग दुसऱ्या. ताठ उभे राहिले आणि हळू आवाजात मला म्हणाले, "मेहुणे, कोणीतरी परस्पर दुरुस्ती करतंय."

आजवर त्यांनी तऱ्हेतऱ्हेचे चोर पाहिले होते. पाणी चोरणारे, मीटर चोरणारे, गटाराची झाकणं चोरणारे. रात्रीचा येऊन काम करून जाणारा चोर त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. आणि त्यांना त्याचा विलक्षण राग आला. झाकण चोरीला गेलं तेव्हा इतका आला नव्हता.

चौकशी सुरू झाली. रंगाऱ्याला विचारलं तर तो दुखावला. म्हणाला, मी पैसे घेऊनही वेळेवर काम करत नाही हे सगळ्यांना माहीत आहे, मी फुकट कशाला करेन. हा बचाव आम्हाला मान्य करावा लागला. उताराच्या टोकाशी जाळी विणत बसणारी बाई म्हणाली की मला होडीचं एवढं कळत असतं तर नवऱ्याला होडीवर कशाला पाठवलं असतं. व्यवस्थापकाने पेपरमिंट एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं आणि धक्क्यावर परस्पर काहीही होत नाही असं सांगितलं. आमचा प्रश्न त्याला इशारा वाटला असावा, कारण मग तो बराच वेळ इकडेतिकडे बघत होता.

दरम्यान दुरुस्ती चालूच होती. एका दुपारी आम्ही होडीच्या सावलीत बसून डबा खात असताना आमच्या डोक्यावरचा एक गोल ठिबकता ठिबकता थांबला. भाऊजींचा घास हातातच राहिला. आजूबाजूला कोणी नव्हतं. त्यांनी होडीला पूर्ण चक्कर मारली, आत डोकावले, खाली ओणवे होऊन पाहिलं. मला संशयाने विचारलं की तुम्ही टेकला होता का. मी नव्हतो टेकलो.

"गळती आपोआप थांबत नाही," ते म्हणाले. "वाढते. आपोआप काही होतच असेल तर ती वाढते." हे ते माझ्याशी बोलत नव्हते, होडीशी बोलत होते.

शेवटी ते कप्तानकडे गेले आणि त्याला सरळ विचारलं, माझ्या होडीला हात लावणारे तुम्हीच ना?

कप्तानने त्यांच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

"हो," तो म्हणाला. "मीच."

कशाने बुजवता, असं भाऊजींनी विचारलं. कप्तान थोडा अडखळला आणि मग म्हणाला की त्याच्याकडे एक खास शेवाळ आहे, जे फक्त एका बेटाच्या उत्तरेकडच्या खडकावर येतं आणि तेही चंद्राचा नूर पाहून. पुढचं भाऊजींनी ऐकलं नाही. त्यांना हवं ते मिळालं होतं. गुन्हेगार सापडला होता, आणि वर काम कच्चं होतं. शेवाळाने कोणी सांधा बुजवतं?

माझं म्हणणं होतं की ज्या सांध्यातून पाणी येत नाही त्याला हात लावू नये. भाऊजी म्हणाले की ही भाषा कंत्राटदारांची आहे. वरून बंद दिसणारी आणि आतून कच्ची राहिलेली गळती त्यांच्या लेखी सर्वांत वाईट. त्यांनी होडीतलं पाणी काढून टाकलं, छिन्नी घेतली आणि आपोआप मिटलेले सगळे सांधे पुन्हा उघडले. शेवाळ कुठेच सापडलं नाही. कप्तानने ते किती बेमालूम बसवलंय, असं ते म्हणाले. मग त्यांनी प्रत्येक सांध्यात सफेद्याची सुतळी भरली आणि हातोड्याने ठोकली, अशी की आणखी एक धागा आत जाणार नाही. ठोकाठोकीचा आवाज दिवसभर सगळ्या धक्क्यावर घुमत होता. कप्तान पायरीवर बसून होता. त्याने दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. आपणच केलं म्हणून सांगून बसल्यावर आता काय बोलणार.

काम संपल्यावर पुन्हा पाणी भरलं. थेंब नाही. कुठेच नाही. भाऊजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच मी त्यांना शीळ घालताना ऐकलं. मोठी भरती आता जवळ आली होती, आणि लाल फुलीवर पांढरा रंग कधी मारायचा ते विचारायला ते रंगाऱ्याकडे गेलेसुद्धा.

दुसऱ्या दिवशी ताई आमच्याबरोबर आली. नवरा शीळ घालत घरी येतो ती वस्तू तरी कसली आहे, हे तिला बघायचं होतं. उतारावर वळतानाच आम्हाला आवाज आला. कोणीतरी सावकाश खुर्चीवरून उठावं तसा, कुरकुरत. मग एक खाडकन.

आम्ही पोचलो तेव्हा होडीच्या कुशीतली एक फळी अर्ध्यापर्यंत बाहेर आली होती. खिळे उपसले गेले होते. आत भरलेलं सगळं पाणी त्या जागेतून उतारावरून वाहत निघालं होतं, आणि वरच्या सांध्यांतली सुतळी दातात अडकलेल्या धाग्यासारखी लोंबत होती.

 भाऊजींनी त्या फळीवर हात ठेवला आणि ती दाबून पाहिली. ती जागची हलेना. जिथे काल ती बसली होती तिथे आता मावतच नव्हती. ते खाली ठोकळ्यावर बसले. मोठ्या भरतीला किती अवकाश आहे हे मी विचारलं नाही.  रंगारी पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन आला होता, तो तसाच परत गेला.

ताई मात्र होडीजवळ गेली. तिने निघालेल्या फळीची कड बोटाने चाचपली, वरच्या कोरड्या फळीची चाचपली, परत खालची. मग म्हणाली, "अहो, हे तर आपलं बाथरूमचं दार."

"कसलं दार?" भाऊजींनी विचारलं.

ताईने मग जे सांगितलं ते असं. कोरड्या हवेत दार आणि चौकट यांच्यात फट पडते आणि दार खडखडतं. पावसाळी हवा आली की तेच दार फुगतं आणि लागत नाही. मागे एकदा खडखड थांबावी म्हणून तिने फटीत पुठ्ठ्याच्या घड्या ठोकून बसवल्या होत्या. तेव्हा छान बसलं दार. मग हवा ओली झाली, दार फुगलं, फुगायला जागा मिळेना, आणि एका दुपारी चौकट खालपासून वरपर्यंत चिरली. "तुम्ही म्हणालात की बिजागरी गेली असेल. मी म्हटलं, असेल."

भाऊजी बराच वेळ होडीकडे बघत होते. तळाच्या घट्ट फळ्यांकडे, जिथे पावसाचं डबकं होतं. वरच्या फटींकडे. खडूच्या गोलांकडे. प्रत्येक गोष्ट एकेक करून जागेवर बसताना त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होती.

"म्हणजे कोणीच करत नव्हतं," ते म्हणाले.

"लाकूड करत होतं," ताई म्हणाली.

"पाइप असं कधी करत नाही." त्यांच्या आवाजात तक्रार होती, आणि थोडं कुतूहलही होतं. एका खात्यात सगळी उमर गेल्यावर शेजारच्या खात्यात असं काही चालतं हे कळावं, तशातलं. "आणि मी ते उघडून काढलं."

मग ते उठले आणि कप्तानच्या पायरीशी गेले. मीही गेलो. बुडवायचं म्हणजे नक्की कसं, असं त्यांनी विचारलं. कप्तानने आधी इकडेतिकडे पाहिलं, हे दुसऱ्या कोणाशी बोलताहेत की काय म्हणून. तो क्षणभर घाबरल्यासारखा झाला. लोक आपलं खरं मानू लागले तर काय करायचं याचा त्याला सराव नव्हता.

मी त्याला विचारलं की मग मीच करतो असं का सांगितलंत.

"तुम्ही विचारलंत म्हणून," तो म्हणाला. "कित्येक वर्षांत मला कोणी काही विचारलेलं नाही. आरोपसुद्धा केलेला नाही. तुम्ही एवढे मुद्दाम चालत आलात, तर मी नाही म्हणू?"

भाऊजींनी मान डोलावली. फोन उशाशी घेऊन झोपणाऱ्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

"आणि तो देवमासा?" कप्तानने आशेने विचारलं.

"तो नाही," भाऊजी म्हणाले.

मग घाईची कामं झाली. आकड्याने सगळी सुतळी उपसून काढली. निघालेल्या फळीची कड तासली आणि ती नटबोल्टांनी परत बसवली, कारण खिळ्यांवर भाऊजींचा विश्वास उरला नव्हता. मोठ्या फटींत फक्त कापूस, आणि तोही बोटाने बसेल इतकाच, असं कप्तानने सांगितलं. कापूस ताईने आणला. कुठून आणला विचारलं तर भाऊजींना म्हणाली, "तुमच्या उशीतला. फोनसाठी एवढी उंच लागत होती, आता नको."

होडी उतारावरून सरकवत उथळ पाण्यात नेली, दोरांनी चारी बाजूंनी बांधली आणि सोडून दिली. ती बुडू लागली.

मी अनेक प्रकारचे त्रास सहन करणारी माणसं पाहिली आहेत, पण त्या दिवशी भाऊजींनी जे सोसलं त्याला तोड नाही. पाणी प्रत्येक फटीतून आत येत होतं, उघडउघड, गुळगुळ आवाज करत, आणि त्यांनी बसून बघायचं होतं. ते दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले. एकदा त्यांचा उजवा हात आपोआप बाहेर आला आणि हत्यारांच्या पिशवीकडे सरकला. ताई त्या पिशवीवरच बसली होती. ती उठली नाही. बघ्यांची गर्दी झाली. जाळीवाली बाईसुद्धा जाळं बाजूला ठेवून आली. पाणी काठापर्यंत चढलं आणि होडी शांतपणे दिसेनाशी झाली. वर फक्त लाल फुली राहिली.

त्याच वेळी व्यवस्थापक आला. त्याने फुलीकडे पाहिलं, भाऊजींकडे पाहिलं आणि समाधानाने म्हणाला की चला, ही एक तरी आपणहून बुडाली.

"बुडालेली नाही," भाऊजी म्हणाले. "भिजत घातली आहे."

व्यवस्थापकाने फरक विचारला. भाऊजींनी सांगितलं की फरक मोठ्या भरतीला कळेल. पेपरमिंट चघळायचं थांबलेलं मी तेव्हा एकदाच पाहिलं.

मधले दिवस भाऊजी रोज काठावर येऊन बसत आणि पाण्याखालच्या होडीकडे बघत. काही करता येत नव्हतं. काय चाललंय ते दिसतही नव्हतं. एकदा त्यांनी गुडघाभर पाण्यात जाऊन फुलीजवळच्या लाकडाला कान लावला. मी विचारलं, काय ऐकू येतंय. म्हणाले, "काही नाही. पण हे 'काही नाही' चांगलं आहे." कप्तान त्यांच्याशेजारी बसून गोष्टी सांगे. ते त्या ऐकून घेत आणि मध्येच एखादा प्रश्न विचारत, की देवमासा माफी मागतो म्हणजे नक्की काय करतो. कप्तानला उत्तरं तयार करायला रात्र रात्र लागत असावी.

मोठी भरती आली. उतारावर पाणी चढलं. फुली मारलेल्या दुसऱ्या होड्या बाजूला ओढल्या गेल्या होत्या आणि तोडणारे लोक टेकून वाट बघत होते. आम्ही बादल्या घेतल्या. भाऊजी, मी, ताई, रंगारी आणि बसल्या जागेवरून सूचना देणारा कप्तान. दोर ओढून होडीचा काठ पाण्याबाहेर काढला, पाणी उपसता उपसता कुशी वर आली, मग होडी एकदम डुलली आणि पाण्यावर उभी राहिली.

आता एकच प्रश्न होता. पाणी परत येतं का?

सगळे आत वाकून बघत होते. वरच्या फळ्या, ज्यांच्यातून रंगाऱ्याचा गाडा दिसत असे, त्या एकमेकींना अशा भिडल्या होत्या की मधली रेघसुद्धा शोधावी लागावी. कोरडं. डाव्या बाजूला कोरडं. तळाला कोरडं. आणि मग उजव्या कुशीत, जिथे ती निघालेली फळी भाऊजींनी तासून नटबोल्टांनी बसवली होती, तिथे एक थेंब जमला, जड झाला आणि घरंगळला. मागोमाग दुसरा.

सगळी होडी लाकडाने आपली आपण बुजवली होती. गळत होती ती फक्त भाऊजींनी दुरुस्त केलेली जागा.

 मी भाऊजींकडे बघायचं टाळलं. ताईने मात्र पाहिलं, आणि नंतर मला सांगितलं की एवढं प्रसन्न तोंड तिने त्यांच्या लग्नाच्या दिवशीही पाहिलं नव्हतं. ते खाली वाकले, थेंबाखाली डबा ठेवला, आणि तो भरायला किती वेळ लागेल ते प्रेमाने बघत राहिले.

व्यवस्थापकाने विचारलं की ही गळतेय, हे चालतं का. भाऊजींनी शांतपणे विचारलं की ती तरंगतेय ना. ती तरंगत होती. व्यवस्थापकाने रंगाऱ्याला खूण केली आणि लाल फुलीवर पांढरा रंग चढला.

आता भाऊजी रोज सकाळी डबा घेऊन होडीवर जातात. पाणी उपसावं लागतं, नाहीतर साचतं. एक दिवसही चुकवून चालत नाही, हे ते ताईला अभिमानाने सांगतात. घरातले नळ ताईने हळूहळू सैल करून घेतले आहेत. बाथरूमचं दार अजून सुताराच्याच खात्यात आहे.

त्या एका जागेबद्दल मी कप्तानला विचारलं होतं. तो म्हणाला, ती जागा कधीच बुजायला हवी होती, लाकूड फुगतंच ना. पण नळवाला अधूनमधून कापसाची एक बत्ती काढून घेतो. बोटभरच. आपण डोळ्यांनी पाहिलंय.

हे तो धक्क्यावर येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, शपथा घेऊन, देवमाशाच्या गोष्टीच्या आधी. अजून कोणीही त्यावर विश्वास ठेवलेला नाही.